हेनीबाईची वीस मिनिटं

२७ ऑक्टोबर २०२५, सोमवार

काल इथे, नेदरलँड्समध्ये, हिवाळ्यासाठी घड्याळं एक तास मागे गेली आणि आज ऑफिसात सगळे असे मिरवत होते जणू काही गड जिंकला. काय केलं? काही बिघडलं नाही, एवढंच! बासने — आमचा मॅनेजर — केक आणला. रुचिरचं खास कौतुक, कारण वेळेचे नियम सप्टेंबरात त्याने नव्याने बांधले. टाळ्या. मीही वाजवल्या.

केक गिळगिळीत होता.

२९ ऑक्टोबर

आईने फोनवर विचारलं, "घड्याळ आपलं आपण चालतं, त्यात तुला पगार कशाचा देतात?"

सांगायला गेले. कुठल्या देशाचं घड्याळ कधी पुढे, कधी मागे, हे जगातली काही चिकाटीची माणसं साध्या मजकुराच्या फाइलीत लिहून ठेवतात. एक ओळ, एक नियम. अमुक सालापासून, मार्चचा शेवटचा रविवार, एक तास. मग एक प्रोग्राम त्या ओळी कंपाइल करतो, म्हणजे यंत्राला वाचता येईल अशी फाइल बनवतो. फोन, सर्व्हर, सगळं तिच्याकडे बघून वेळ सांगतं. घरोघरी जाणाऱ्या नर्सेसच्या टॅबलेटवर आमच्या कंपनीचं ॲप असतं, त्यात ही फाइल आम्ही भरतो. गोळ्या कधी, भेट कधी, सगळं त्यावर.

आई म्हणाली, "बरं, जेवलीस का?"

११ नोव्हेंबर

पाऊस, उलटा वारा, सायकलची चेन दोनदा निसटली. हात काळे. मीटिंगमध्ये काळ्या हातांनीच बसले.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

तळमजल्यावरच्या हेनीबाईकडे पार्सल आणायला गेले. वय एकोणनव्वद, एकटी राहते, आख्ख्या बिल्डिंगची पार्सलं घेते. इथे डायरीत मी तिला बाई म्हणते, तोंडावर मेव्रौ, म्हणजे डचमधलं बाईच. युट्रेख्टला आल्यावर पहिल्या हिवाळ्यात माझा हीटर बंद पडला तेव्हा तिने मला दोन रात्री तिच्या सोफ्यावर झोपवलं होतं. कुणी विचारलं नव्हतं तिला.

आज चेहरा उतरलेला. नर्स आली होती, स्मरणाची तपासणी करायला. आज वार कोणता, ऋतू कोणता, जन्मतारीख काय. "मी सात फेब्रुवारी म्हणाले. ती म्हणाली, नीट आठवा. मी पुन्हा सात म्हणाले. मग ती माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागली, लहान मुलाशी बोलतात तसं."

पासपोर्ट काढून आणला बाईने. नर्सने उघडलाही नाही. बघून सांगितलं तर गुण नाहीत म्हणे. बिचारीला एका घरात वीस मिनिटं मिळतात.

"टॅबलेटवर सहा होतं," बाई म्हणाली. "मी डोकावले."

टॅबलेट कसा दिसतो विचारलं. हिरवी पट्टी, कोपऱ्यात पान. आमचंच ॲप.

स्वतःची जन्मतारीख चुकली की ॲप आपोआप लाल खूण लावतं. दोन तपासण्यांत दोन लाल खुणा झाल्या की फाइल समितीकडे जाते, आणि समिती म्हणजे वृद्धाश्रमातली खोली. पुढची तपासणी तीन फेब्रुवारीला.

१९ नोव्हेंबर

सापडलं.

पूर्वी कुणा शहाण्याने जन्मतारीख नुसती तारीख म्हणून न ठेवता त्या दिवसाच्या मध्यरात्रीचा क्षण म्हणून ठेवली. सात फेब्रुवारी १९३६, रात्रीचे बारा. तेव्हा या देशाचं घड्याळ ग्रिनिचच्या वीस मिनिटं पुढे चालायचं — काटेकोर सांगायचं तर एकोणीस मिनिटं बत्तीस सेकंद. चाळीस साली जर्मन आले आणि ती वीस मिनिटं गेली. नियमांच्या फाइलीत हल्ली ॲमस्टरडॅम हे ब्रसेल्सचंच दुसरं नाव आहे, कारण १९७० पासून दोघांची घड्याळं सारखीच चालतात. त्याआधीचा इतिहास वेगळ्या फाइलीत. हवा असेल तर कंपाइल करताना मागून घ्यायचा. हे सगळं जाहीर लिहिलेलं आहे, कुणी लपवलेलं नाही.

आम्ही मागून घेत होतो. रुचिरने सप्टेंबरात ती मागणी काढून टाकली. का? बांधणी आटोपशीर दिसते म्हणून! छत्तीसच्या हिवाळ्यात ब्रसेल्सचं घड्याळ ग्रिनिचबरोबर. झालं — हेनीबाईची मध्यरात्र वीस मिनिटं मागे सरकली. रात्रीचे अकरा चाळीस. तारीख सहा.

चाळीसच्या मे महिन्याआधी जन्मलेला जवळजवळ प्रत्येक माणूस आमच्या ॲपमध्ये एक दिवस आधी जन्मलाय. मोजले. एक हजार आठशे बारा.

आणि रुचिरच्या बदलाला मंजुरी कुणाची? माझी. दोनच ओळी होत्या. जेवायला उशीर होत होता, बटण दाबून मोकळी झाले.

२० नोव्हेंबर

रुचिरला दाखवलं, खालच्या हेनीबाईची तीन फेब्रुवारीची तपासणीही सांगितली. खुर्चीतून हलला नाही. "अगं प्रांजली, एज केस आहे, क्वचित लागू होणारी. पंच्याऐंशीच्या वरचे लोक फक्त." फक्त! जणू पंच्याऐंशीच्या वर माणूस माणसातून उठतो. आणि ॲप वापरतं कोण? पंचविशीतले?

बासकडे गेले. त्याने शांतपणे ऐकलं, याचीच जास्त चीड आली. डिसेंबरात कोणताही बदल बाहेर सोडायचा नाही, जानेवारीत ऑडिट, तर मार्चच्या रिलीजमध्ये बघू. तोवर बाहेर कुठे बोलायचं नाही. "तुझ्या करारात तो परिच्छेद आहे, माहीत आहे ना?" आवाज गोड. हातात स्ट्रोपवाफल, पाक भरलेलं बिस्किट, चावता चावता बोलत होता, मिशीला पाक लागलेला.

करारात तो परिच्छेद आहे. माझा राहण्याचा परवानाही कंपनीच्याच जोरावर आहे. दोघांनाही माहीत होतं.

रुचिरला फोनवर म्यूट केलं. त्याचे थम्स-अप बघवत नाहीत.

२१ नोव्हेंबर

नर्सच्या संस्थेचा नंबर शोधला. लावला नाही.

५ डिसेंबर

ऑफिसात सिंटरक्लासचा सण, एकमेकांवर चेष्टेच्या कविता लिहायच्या. बासने माझ्यावर लिहिली होती — जी घड्याळाकडे फार गंभीरपणे बघते. सगळे हसले. मी पण. स्वतःच्या हसण्याचीच शिसारी आली.

१४ डिसेंबर

हेनीबाईकडे कॉफी. एका कपाबरोबर एकच बिस्किट, मग डबा बंद. हे मला आता आवडायला लागलंय.

तिची मुलगी कॅनडात असते, तिला संस्थेकडून फक्त गुण कळतात. कोणता प्रश्न चुकला ते नाही. तिने फोनवर विचारलं म्हणे, "आई, खोल्या बघून ठेवायच्या का?" बाईने मला हे सांगितलं आणि कप उचलून ठेवायला उठली. परत आली ती बऱ्याच वेळाने.

"मी इथून जाणार नाही," म्हणाली. "पीटने या भिंती रंगवल्यात." पीट तिचा नवरा, जाऊन अकरा वर्षं झाली.

मी सांगू शकले असते. मेव्रौ, तुमचं काही चुकलेलं नाही, मुलीला फोन लावा, मी बोलते. जिभेवर होतं. दुसऱ्या बिस्किटाला नको म्हणाले आणि वर आले. तिने दुसरं दिलंही नव्हतं.

तिच्या संडासात, इथल्या प्रत्येक घरात असतं तसं, वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं आहे. सात फेब्रुवारीसमोर पीटच्या तिरक्या अक्षरात: "माझी हेनी".

९ जानेवारी २०२६

ऑडिट. दोन माणसं आली, सँडविच खाल्ली, गेली. जन्मतारखांबद्दल कुणी विचारलं नाही. बासने मला नंतर अंगठा दाखवला. या ऑफिसात सगळ्यांना अंगठेच फुटलेत.

१७ जानेवारी, शनिवार

मार्च म्हणजे मार्चच. बदलणार नाही. तपासणी तीन फेब्रुवारीला.

मग मी एक उपाय काढला. हुशार आहे ना मी! खाली गेले आणि म्हणाले, "मेव्रौ, पुढच्या वेळी सहा सांगा."

"पण मी सातची आहे."

"माहीत आहे. कॉम्प्युटरला नाही माहीत. एकदाच सहा म्हणायचं, खूण लागणार नाही, विषय संपला."

मग म्हणाली, "तू कॉम्प्युटरमध्ये काम करतेस. तुला कळत असेल."

२४ जानेवारी

रोज संध्याकाळी पाच मिनिटं सराव. मी नर्स होते. "जन्मतारीख?" — "सात... नाही. सहा." पुन्हा. "जन्मतारीख?" — "सहा फेब्रुवारी." शाब्बास म्हणते. एकोणनव्वद वर्षांच्या बाईला शाब्बास म्हणते मी! ती खूश होते, याचं अजूनच वाईट वाटतं.

२९ जानेवारी

आता अडखळत नाही. भाजी चिरताना अचानक विचारलं तरी सहा. झोपेतून उठवलं तरी सहा म्हणेन म्हणाली. आम्ही दोघी हसलो.

३ फेब्रुवारी, मंगळवार

सुट्टी काढून घरी थांबले. अकराला नर्स आली, अकरा वीसला गेली. खिडकीतून तिची सायकल दिसेनाशी झाल्यावर खाली धावले.

हेनीबाई खुर्चीत ताठ बसलेली. "सहा म्हणाले," ती म्हणाली. "लगेच म्हणाले, तू शिकवलंस तसं. पण ती पुन्हा हळू आवाजात बोलायला लागली."

मला काही कळेना.

४ फेब्रुवारी

कळलं. रुचिरने सोमवारी संध्याकाळी दुरुस्ती बाहेर सोडली. बासला न विचारता, स्वतःच्या नावावर, नोकरी पणाला लावून. इतिहासाची फाइल परत मागून घेतली, पुन्हा कंपाइल केलं, सगळीकडे पोचवलं. सोमवारी रात्रीपासून टॅबलेटवर सात आहे. बरोबर तारीख. एक हजार आठशे बारा लोकांना आपला दिवस परत मिळाला.

त्याने मला मेसेज केले होते. तीन. "प्रांजली, तुझ्या खालच्या आजींची टेस्ट उद्या आहे ना? करून टाकलंय. झोप नीट." म्यूट होता. अडीच महिने ज्याला डायरीत शिव्या घातल्या त्याने ते केलं, जे मी केलं नाही. मी काय केलं? मी एका म्हातारीला तिची खरी तारीख विसरायला लावली.

नर्सच्या संस्थेला फोन लावला. आज लगेच लावता आला! सगळं सांगितलं, कंपनीचं नाव, माझं नाव, सगळं. पलीकडची बाई भली होती. लिहून घेतलं. म्हणाली, समितीकडे जाण्याआधी पुन्हा एकदा तपासणी होईल, सोमवारी. यावेळी त्यांनी सात म्हटलं की झालं.

खाली जाऊन सांगितलं. "मेव्रौ, आता सात. खरी तारीख. सात."

"सात," ती म्हणाली. मान हलवली. कॉफी केली.

५ फेब्रुवारी

बासने बोलावलंय, सोमवारी दहाला, एच.आर.सोबत. बोलावू दे. रुचिरला फोन केला, माफी मागितली. "अगं, सोड," म्हणाला. रडले.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज घरून काम. दुपारी हेनीबाईचा फोन. वर ऐकू येईल एवढा मोठा आवाज. "उशीर का करतेस? केक आहे."

खाली गेले. खुर्च्या गोल मांडलेल्या, बारा. टेबलावर केक, नव्वदची मेणबत्ती, बारा बशा, बारा कप. बाईने निळा ड्रेस घातलेला, ओठांना रंग. दारावर पताका. कुणीच नाही.

"सगळे विसरले," ती म्हणाली. "सकाळपासून बसलेय."

उद्या आहे म्हणाले मी. ती हसली, माझी समजूत काढल्यासारखी. "नाही गं. सहा. तूच तर शिकवलंस."

हात धुवायला संडासात गेले. कॅलेंडरवर पीटच्या अक्षरावर निळ्या पेनाची रेघ. एक ओळ वर, तिच्या वाकड्या अक्षरात, सहासमोर: हेनी.

बाहेर आले. तिचं अभिनंदन केलं, इथल्या पद्धतीने तीनदा गालाला गाल लावला, आणि शेजारच्या खुर्चीत बसले.