सेवेचा अनुभव, पंधराशे शब्दांत

२ सप्टेंबर
ताई गेली. आफ्रिकेला. सहा महिने, एका शाळेत शिकवायला, फुकट. विमानतळावर मावशी रडली, आई रडली, बाबांनी उगाच चष्मा पुसला. मी रडलो नाही. कोणीतरी खंबीर राहायला हवं.

ताई म्हणजे माझी मावसबहीण. माझ्यापेक्षा अकरा दिवसांनी मोठी, आणि त्या अकरा दिवसांच्या जोरावर अठरा वर्षं ताई म्हणवून घेते आहे. जाताना माझा निळा स्वेटर मागून नेला. आफ्रिकेत स्वेटर. एवढंच जनरल नॉलेज असलेल्या मुलीला विद्यापीठाने पहिल्या फटक्यात सीट दिली आणि मला नाही. वर ती सीट वर्षभर राखून ठेवली, सावकाश सेवा करून ये म्हणून.

आई म्हणाली की तुला हेवा वाटतो. हेवा नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे.

३ सप्टेंबर
पुन्हा अर्ज करणार. शेवटची तारीख १५ जानेवारी. बाबांनी सांगून ठेवलंय की या खेपेला जमलं नाही तर पूर्णवेळ दुकानात. बाबांचं चष्म्याचं दुकान आहे. सध्या मी तिथे तात्पुरता बसतो. लोकांना सांगतो, गॅप घेतली आहे.

फॉर्म नीट वाचला. मार्क वगैरे ठीक. गेल्या वर्षी एक रकाना कोरा राहिला होता: सेवेचा अनुभव, शब्दमर्यादा पंधराशे. ताईने तिथेच मारली बाजी. दोन वर्षं वृद्धाश्रमात जाऊन पेपर वाचून दाखवत होती. हे आधीपासून ठरवून केलं असणार.

संकल्प: मीही आफ्रिकेला जाणार. तिच्याच संस्थेतर्फे, पण तिच्यापेक्षा लांबच्या गावाला. उद्यापासून साडेपाचला उठून व्यायाम.

४ सप्टेंबर, पावणेदहा
उठलो. ऊन सोसायचं तर आधी झोप पुरेशी हवी.

बाबांनी विचारलं, आफ्रिकेत कुठे. मी म्हणालो, आफ्रिकेत म्हणजे आफ्रिकेत. बाबा म्हणाले की तिथे पन्नासच्या वर देश आहेत. हे मला माहीत होतं. मी फक्त स्वतःला अडकवून घेत नव्हतो.

१९ सप्टेंबर
घरच्या ग्रुपवर ताईचा पहिला मेसेज. मेसेज कसला, प्रबंध. शाळा डोंगरावर आहे. थंडी मरणाची. सकाळी मुलं धुक्यातून चालत येतात, आधी आवाज येतो आणि मग मुलं दिसतात. पाणी विहिरीवरून आणायचं. पहिल्याच दिवशी हिची बादली अर्ध्या वाटेत सांडली आणि सगळी शाळा हसली. शिवण शिकवणाऱ्या बाईंनी तिला आपल्या घरी ठेवून घेतलंय. बाईंना जवळचं दिसत नाही. सुईत दोरा मुली ओवून देतात.

मावशीने सोळा बदाम टाकले. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा ग्रुपवर काही लिहिलं: छान. मी शाळेत चित्रकलेत पहिला आलो होतो तेव्हा नुसतं बरं म्हणाले होते.

मी अंगठा टाकला. उद्या टाकणार होतो, पण आई समोरच बसली होती.

२६ सप्टेंबर
संकट. त्या शिवणाच्या बाई बाबांच्या मनाला लागल्या आहेत. दुकानाच्या दारात खोका ठेवला: जुने चष्मे इथे टाका. लोक टाकतात. आठवडाभरात एकशे बारा.

आता प्रत्येक चष्मा धुवायचा. काड्यांचे स्क्रू आवळायचे. नंबर बघायच्या मशीनवर धरून दोन्ही काचांचा नंबर घ्यायचा, चिठ्ठीवर लिहायचा आणि चिठ्ठी काडीला बांधायची. कोणी? मी. कोणाच्या शाळेसाठी? ताईच्या. म्हणजे कौतुक तिचं आणि कारकुनी माझी.

बाबांना सांगितलं की मला सेवेच्या अर्जाची तयारी करायची आहे, असल्या कामांना वेळ नाही. बाबांनी दोऱ्याचं रीळ माझ्यापुढे ठेवलं. मग म्हणाले, चिठ्ठ्या नीट लाव.

५ ऑक्टोबर
अठ्ठावीस झाले. एकेकाला सात मिनिटं. या वेगाने माझं तारुण्य या स्टुलावरच संपणार.

निबंधाचं पहिलं वाक्य लिहिलं: लहानपणापासून मला सेवेची ओढ आहे. आईला वाचून दाखवलं. तिला ठसका लागला. वाक्य खोडलं.

९ ऑक्टोबर, दुपार
युक्ती सापडली. मशीन लागतच नाही. काच जाड असली की नंबर मोठा, पातळ असली की लहान. अनुभवी माणसाला नजरेनेच कळतं. जवळचा म्हणजे प्लस की लांबचा म्हणजे मायनस, ते फ्रेमवरून ओळखायचं. फ्रेम आजोबांची वाटली तर प्लस, कॉलेजची वाटली तर मायनस. उरलेले चौऱ्याऐंशी चष्मे पावणेदोन तासांत उडवले.

बाबा चकित. विचारलं, सगळे मशीनवर धरलेस ना. मी हो म्हणालो. मशीन दुकानात होतं, चष्मेही दुकानातच होते.

संस्थेच्या बाई येऊन खोका घेऊन गेल्या. तिकडे जाणाऱ्या मुलांबरोबर पाठवतात म्हणे. खोक्यावर बाबांनी ठळक अक्षरात ताईचं नाव घातलं. माझं कुठेच नाही. तरी खोका बाईंच्या हातात मीच दिला. मनाचा मोठेपणा असतो एकेकाकडे.

२ नोव्हेंबर
ताईचा फोटो. भोवती चाळीसेक मुलं, मध्ये ही, अंगात माझा निळा स्वेटर. ग्रुपवर सदतीस माणसं आहेत हे आज कळलं, कारण सगळी बोलली. एक काका तर म्हणाले की तिच्या चेहऱ्यावर तेज आलंय. ऊन लागलं असेल.

मी लिहिलं की स्वेटरच्या डाव्या बाहीवर डाग दिसतोय. आईने स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. काय म्हणाली ते इथे लिहीत नाही.

११ नोव्हेंबर
संस्थेच्या अर्जालाही निबंध आहे. तुम्ही काय पाहिलं आणि काय केलं? मी काहीच पाहिलेलं नाही, पण यात माझी काय चूक? मला कोणी पाठवलंच नाही.

विचार केला. मी जाणार हे नक्कीच आहे. मग अनुभव थोडा आगाऊ लिहिला तर बिघडलं कुठे? लिहून टाकलं की मी आफ्रिकेतल्या एका गावी स्वतःहून दोन महिने काम केलं. कोण तपासणार? बाबाच म्हणाले, पन्नासच्या वर देश आहेत.

कच्चा माल ग्रुपवर होताच. त्यावर थोडे संस्कार केले. थंडी आणि धुकं काढून रणरणतं ऊन घातलं, कारण आफ्रिकेत थंडी कोणाला पटणार. बादली सांडत नाही. ताईने विहीर नुसती वापरली, मी ती खोदली. शेवट तर असा जमलाय की लिहिताना माझेच डोळे भरून आले. शिवणाच्या बाई माझ्या हातचा चष्मा घालतात, सुई उजेडात धरतात आणि कितीतरी वर्षांनी स्वतःच्या हाताने दोरा ओवतात. मुली टाळ्या वाजवतात. बाई सुई माझ्यापुढे धरतात.

हाच निबंध विद्यापीठालाही पाठवणार. ताईला अशी भाषा सात जन्मांत येणार नाही.

१८ नोव्हेंबर
अर्ज दिला. संस्थेच्या बाई म्हणाल्या की निबंध आम्ही ऑफिसात वाचत नाही. नाव झाकून तिकडे पाठवतो आणि काम करणारी मुलंच ते वाचतात, कोण कामाचं हे त्यांना बरोबर कळतं. उत्तम पद्धत. एकदाचे जाणकार वाचक मिळाले.

घरी येताना शंका आली. ताईकडे गेला तर? पण संस्थेची तिकडे काम करणारी मुलं आहेत चाळीस. चाळिसात एक. माझं गणित पहिल्यापासून पक्कं आहे.

६ डिसेंबर
उत्तर नाही. ताईही ग्रुपवर दहा दिवस गप्प. मावशीचा जीव टांगणीला. मी आईला म्हणालो, उत्साह ओसरला असेल, पहिले दोन महिने सगळेच चमकतात. हे बोलून बरं वाटलं.

तरी दिवसातून चार-पाच वेळा ग्रुप उघडून बघतोय. नुसती सवय.

१४ डिसेंबर, सकाळ
संस्थेच्या बाई दुकानात आल्या. हातात आमचाच खोका. तिकडून परत आलेल्या एका मुलाबरोबर आला म्हणाल्या. आत चौऱ्याऐंशी चष्मे. वर माझ्या नावाचं पाकीट.

बाबांनी पहिला चष्मा मशीनवर धरला. चिठ्ठी बघितली. दुसरा धरला. तिसरा धरला. मग उठून आत गेले आणि चहा केला. एकच कप.

१४ डिसेंबर, संध्याकाळ
पाकिटात माझा निबंध. समासात पेन्सिलने ताईचं अक्षर. चाळिसात एक.

विहिरीपाशी लिहिलंय: ही आपल्या जन्माच्या आधीपासून आहे. उन्हापाशी: हे तुझा स्वेटर घालून वाचते आहे, वर शालही आहे. शिवणाच्या बाई दोरा ओवतात तिथे काहीच लिहिलेलं नाही. नुसती एक उभी रेघ.

मागच्या कोऱ्या बाजूवर ताईचं पत्र, जसंच्या तसं उतरवतो: शिवणाच्या बाई महिनाभर खोक्याची वाट बघत होत्या. तुझ्या चिठ्ठीवर प्लस अडीच होतं, त्यांचा नंबर तोच. त्यांनी सगळ्या मुलींसमोर चष्मा घातला, सुई घेतली आणि पाचदा प्रयत्न केला. मग म्हणाल्या की माझेच डोळे आता कामातून गेले, हा दुसऱ्या कोणाला तरी द्या. पुढे दवाखान्यातल्या नर्सने बघितलं तेव्हा कळलं की काच मायनसची आहे. मी सगळ्यांना सांगितलं की चिठ्ठ्या मी लावल्या होत्या, कारण तुझ्याबद्दल मी त्यांना फार चांगलं सांगून बसले होते. अर्ज नापास केला आहे, पण का ते संस्थेला कळवलेलं नाही. खोक्यातले अठ्ठावीस चष्मे अगदी बरोबर होते, त्या लोकांना दिसतंय. बाईंनी दोरा ओवला ते तू छान लिहिलंयस. तसंच व्हायला हवं होतं. पुढचा खोका ५ जानेवारीला निघतो.

पत्र वाचून खूप लाज वाटली. दुसरं कुठे लिहिण्यासारखं नाही, म्हणून इथे.

१६ डिसेंबर
बाबांना सगळं सांगितलं. निबंधासकट. बाबांनी स्टूल मशीनसमोर सरकवलं आणि म्हणाले, बस.

४ जानेवारी
चौऱ्याऐंशी पूर्ण. एकेकाला सात मिनिटं, काहींना दहा. प्लस अडीचचा एक चांगला चष्मा मिळाला, तो तीनदा तपासला, नवीन स्क्रू घातले आणि वेगळ्या पाकिटात ठेवला. बाबांनी तो चौथ्यांदा तपासला आणि छान म्हणाले. मला वाटलं मला म्हणाले. ते फ्रेमबद्दल बोलत होते.

खोक्यावर पुन्हा ताईचं नाव घातलं. या वेळी मीच.

१५ जानेवारी, चार वाजून चाळीस
विद्यापीठाचा फॉर्म पाचला बंद होतो. पंधराशे शब्द तयार आहेत. नुसते चिकटवायचे. चिकटवले. वाचले. काढले. पुन्हा चिकटवले. शेवटी त्या रकान्यात लिहिलं: चष्म्यांना चिठ्ठ्या लावल्या. दोनदा.

चार शब्द. पाठवून दिलं. विद्यापीठाला असं काही नवीन आवडेलही.

२४ फेब्रुवारी
आवडलं नाही. दोन ओळींचं पत्र आलं. सोमवारपासून मी दुकानात पूर्णवेळ. ताई पुढच्या आठवड्यात येते आहे आणि नंतर थेट विद्यापीठात जाईल. राखून ठेवलेल्या सीटवर.

दुपारी ग्रुपवर फोटो आला. शिवणाच्या बाई खिडकीशी बसल्या आहेत, डोळ्यांवर तो चष्मा, एका हातात सुई, आणि सुईतून दोरा आरपार गेलेला. सदतीस जण ताईला बदाम टाकतायत. मला कोणी नाही. पोटात दुखलं, खोटं कशाला बोलू. तरी फोटो मोठा करून करून बघितला.

बाईंच्या अंगात माझा निळा स्वेटर आहे. म्हणजे तोही आता परत येत नाही.

डाव्या बाहीवरचा डाग तसाच आहे. ग्रुपवर लिहिणार होतो. नाही लिहिलं.