चौकातला हाळ

सुरत, ८ मार्च १९८९

ती. आबा, सुपडूचा नमस्कार.

किती वेळा सांगू, त्या गुरांच्या पाण्याच्या हाळापायी भांडू नका. अभिमनभाऊनं लिहिलं, फोडायला पंचायतीची माणसं आली तर तुम्ही पाण्यात जाऊन बसलात. धुळ्याच्या बसला वळायला चौकात जागा पाहिजे. कापूस आता बैलगाडीनं नाही, ट्रॅक्टरनं येतो. आजोबांनी हाळ भरला, तुम्ही भरला, पुरे झालं. तुम्ही म्हणाल, "एखादा बैल उना ते पानी कोठे पेई?" येईलही एखादा. पण पुढच्या खेपेला ते तुम्हाला उचलून फेकतील आबा, आणि मी इतक्या लांब.

मी बरा आहे. उजवा हात मशीनमध्ये सापडला म्हणून अक्षर असं. आईला सांगू नका. हात बरा होईपर्यंत मिलवाल्यानं घरी बसवलंय. सकाळी इथल्या चौकात मजुरांत उभा राहतो. मुकादम हात बघून पुढं जातो. पाणी मागितलं की चहावाला म्हणतो, "पहले चाय ले."

म्हणून हाळ भरू नका असं मला लिहवत नाही. फोडतील त्या दिवशी तेवढं घरात थांबा. आईचा खोकला कसा आहे?

तुमचा सुपडू

ता. क. घरखर्चाला आणि हाळाच्या बादलीला नवा दोर घ्यायला मनिऑर्डर केली आहे, साठ रुपये.