मागच्या ओळीचं लाकूड

बाबा, आज पहाटेपासून माझ्यावर जो अन्याय चालला आहे, त्याची दाद मागायला अख्ख्या आरमोरीत कचेरी नाही, म्हणून तुम्हाला लिहिते. थंडीसाठी मागच्या खोलीत चूल पेटवली, तर लाकूड जळत नाही, नुसतं शिजतं आहे. टोकांना फेस, खोलीभर धूर, आणि फुंकून फुंकून लाल झालेली पन्नाशीची बाई. "एकदम सुकं हाय, बाई," म्हणत विकणाऱ्याने दिलेलं हे लाकूड हातात घेतलं की शेवाळासारखं बुळबुळतं.

तुम्हाला याची किळस होती. "हे जळतन हाय का भाजी?" म्हणायचात. फोडून, विटांवर उचलून, वारा खेळेल असं रचायचात, आणि मी मागच्या ओळीला हात घातला की ओरडायचात, "काऊन ओढून राह्यली तिकडचं? ते पुढच्या थंडीचं हाय!" शेजारच्या काकू मात्र चुलीवरच्या माळ्यावर वाकडंतिकडं कोंबायच्या. धुराने काळं पडलेलं ते लाकूड पाहून तुम्ही नाक मुरडायचात, "घुबडाचं घरटं!" मग तुम्ही भर पावसाळ्यात गेलात. त्याच वादळात पडवीची टिनं उडाली आणि तुमची देखणी रास भिजून चिंब. चितेसाठी गल्लीतून आलं तेही ओलंच. तुम्हाला अग्नी मिळाला तो काकूंच्या माळ्यामुळे. माळा रिकामा करताना ती बाई मला एवढंच म्हणाली, "आता ठेवा म्हना नावं, भाऊले."

परवा काकू गेल्या. मयतीला घरोघरून जळतन द्यायची आपली रीत, ती गल्लीने पाळली: पाणी गळणारे ओंडके, खिळे ठोकलेल्या फळ्या, एका सज्जनाने तर प्लायवूडचं दार दिलं. "नाई पेटलं तर डिझल ओतू ना," दुसरा गुटख्याची पिंक टाकत म्हणाला. म्हातारीने आयुष्यभर चूल फुंकली, आणि तिला हे डिझेल?

लाकूड गोळा करणारा ट्रॅक्टर मी आपल्या दाराशी घ्यायला लावला आणि तुमच्या पद्धतीने मी रचलेली मागची ओळ उपसून दिली. सगळं धावड्याचं लाकूड, दोन उन्हाळे वाळलेलं. काकूंचा मुलगा म्हणाला, "ताई, तुमच्या थंडीचं काय?"

"बाबांनी दिलं म्हन," मी म्हटलं.

तो ट्रॅक्टर भरू लागला.

हे पत्र पाठवायची सोय नाही. असती तरी पाठवलं नसतं. तुमचं नाव सांगताना मी तुम्हाला विचारलं नव्हतं.