भिंतीवरचे बाबा

१० फेब्रुवारी, सोमवार

आज पुन्हा तोच शॉट लावला आणि पुन्हा बंद केला. कॉलेजच्या एडिटिंग रूममध्ये एसी एवढा की बोटं आखडतात. समोर स्क्रीनवर आमच्याच हरणीच्या घराचा हॉल. आमचा सोफा, आमचं शोकेस, आणि भिंतीवर बाबा! चंदनाचा हार घातलेले. खाली उदबत्ती.

उत्कर्ष मागून म्हणतो, "भारी दिसतंय गं! खरंच वाटतं घरातलं कोणी गेलंय."

खरंच वाटतं म्हणे. मूर्ख! डायरेक्टर झाला म्हणून काहीही बोलायचं? सांगितलं त्याला, तोंड सांभाळ.

बाबा आज सकाळचा चहा अर्धा ठेवून परत आडवे झाले. अर्धा चहा ठेवणारे बाबा मी कधी पाहिले नव्हते.

१२ फेब्रुवारी, बुधवार

लिहूनच काढते एकदा, म्हणजे डोक्यातून जाईल.

फिल्म आठ मिनिटांची, आमच्या शेवटच्या वर्षाची. वडील गेलेल्या घरातलं पहिलं हसू — एवढीच गोष्ट. आई आणि मुलगी जेवायला बसतात, मुलीला कशावरून तरी हसू फुटतं, मग दोघींनाही. लिहिली उत्कर्षने. कॅमेरा सोहमचा, एडिटिंग माझं. घरही आमचंच, कारण डिसेंबरात आई आठवडाभर पादऱ्याला मावशीकडे होती आणि बाबा कशालाच नाही म्हणत नाहीत.

फोटो हवा होता. आमच्याकडे पणजोबांचा आहे, पगडीतला, गायकवाडी नोकरीच्या काळातला. उत्कर्ष म्हणाला, "हे तर म्युझियम झालं. मला कालपरवा गेलेला माणूस पाहिजे." सोहम म्हणाला नेटवरून काढू कोणाचा तरी. कोणाचा? कोणाच्या तरी बापाचाच ना तो?

तेवढ्यात बाबा पोह्यांच्या प्लेटी घेऊन आले. "माझा लावा की! माझ्या गोरव्याच्या कंपनीने निरोपाला मोठा करून दिलाय तो. टाय आहे त्यात."

सोहम माझ्याकडे बघायला लागला. मग बाबाच हसले. "अरे, फोटोला हार घालून माणूस जात असता तर आमच्या मॅनेजरला मी कधीच घातला असता!"

हसलो सगळे. मी तर सगळ्यात मोठ्यांदा. स्टूलवर चढून हार मीच घातला. उत्कर्षने नाही, सोहमनेही नाही. मी.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

राहिलेलं.

शूटिंग दोन दिवसांचं. पहिल्या संध्याकाळी मी हार काढायला गेले तर सोहम ओरडला, "एय, हात नको लावू! कंटिन्युइटी!" म्हणजे आज हार जसा लोंबतोय तसाच उद्या लोंबायला हवा, नाहीतर शॉट जोडताना चोरी पकडली जाते. बरोबरच होतं त्याचं. म्हणून फोटो तसाच राहिला. बाबांनी त्याच्याखाली बसून बातम्या पाहिल्या, खिचडी खाल्ली. मध्येच वर बघून स्वतःलाच म्हणाले, "काय, मजेत ना?"

मुलीचं काम ऋचा करणार होती, ती आयत्या वेळी तापाने आडवी. म्हणून मी. आईच्या कामाला निरुपमाताई, त्या शाळेत नाटक शिकवतात. हसायचा सीन दुसऱ्या दिवशी. बापाच्या फोटोखाली भात कालवत हस म्हणे! कप्पाळ. टेकवर टेक. शेवटी उत्कर्ष म्हणाला, चालून जाईल. बाबा सोहमच्या मागे उभे होते, ते म्हणाले, "अजून एकदा घ्या रे. ती खरं हसली नाही अजून." आणि तिथूनच माझ्याकडे बघत टाय नीट करायची अॅक्टिंग केली, गळ्यात टाय नसताना. मी अशी फुटले की घास बाहेर! तोच टेक ठेवलाय.

नंतर बाबा सगळ्यांसाठी सेव-उसळ आणायला गेले. आणि आई आली. दोन दिवस आधीच. खांद्याला बॅग, हातात पादऱ्याच्या पापडीची पिशवी. दार उघडंच. आत अनोळखी पोरं जमिनीवर मुकाट बसलेली, निरुपमाताई पांढऱ्या साडीत, उदबत्तीचा वास, आणि भिंतीवर…

आई ओरडली नाही. माझ्याकडे बघून एकच शब्द बोलली.

"कधी?"

सोहम म्हणायला लागला, "आंटी, फिल्म, आंटी, फिल्म आहे," पण आईला ऐकू येत नव्हतं. तेवढ्यात बाबा पार्सल घेऊन दारात. "अरे! तू आज कशी?"

आई होती तिथे खाली बसली. मग उठली, चपला न काढताच सोफ्यावर चढली, फोटो उतरवला, हार तोडला. संध्याकाळी मीठ-मोहऱ्यांनी बाबांची दृष्ट काढली. बाबा मुकाट बसले होते, एकदाही थट्टा केली नाही. आता वाटतं, तेव्हाच मला कळायला हवं होतं की हे थट्टेचं नव्हतं.

१९ फेब्रुवारी

बाबांचे डोळे पिवळे दिसतात. आई म्हणते कावीळ. मूग, ताक, ऊस. होईल बरं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

कावीळ नाही.

स्वादुपिंड. पसरलंय. डॉक्टर गुजरातीत हळूहळू सांगत होते, लहान मुलांना सांगावं तसं. आई "हा, हा" करत मान हलवत होती. बाबा डॉक्टरांच्या टेबलावरचं कॅलेंडर बघत होते. मीच एकटी रडले, तेही बाहेर येऊन, पार्किंगमध्ये, कोणाच्या तरी स्कूटरला टेकून.

उत्तरायणाला हेच बाबा गच्चीवर पतंगाची फिरकी धरून "काप्यो!" ओरडत होते. गेल्या महिन्यात!

२५ फेब्रुवारी

बाबांसमोर आई एक शब्द बोलत नाही. उलट गोड गोड. पण स्वयंपाकघरात गेलं की— "भागली हौस? जिवंत माणसाला हार! दोन दिवस टांगून ठेवलंत!"

मी भांडले. म्हटलं, आई, तू बीएस्सी आहेस! हाराने गाठ होते का? ती म्हणाली, "मला नको शिकवूस. मी दारातून पाहिलंय त्यांना तसं. तू नाही पाहिलंस."

खरं सांगायचं तर मी खोलीत येऊन दार लावलं आणि मलाही तेच वाटलं. माझ्याच हाताने घातला. मी सायन्सचं बोलते आणि आतून थरथरते. लाज वाटते दोन्हीची.

३ मार्च, सोमवार

फोटो वगळून एडिट करून पाहिलं. पणजोबांची पगडी चिकटवून पाहिली. धूसर करून पाहिलं. धूसर केल्यावर तर आणखी वाईट, टायवाले बाबा धुक्यात गेल्यासारखे. बंद केलं.

मग एक गोष्ट दिसली, जी शूटिंगच्या वेळी कोणालाच दिसली नव्हती. फोटोच्या काचेत प्रतिबिंब आहे. हाराच्या बरोबर मागे एक माणूस हलतोय. बाबाच, सोहमच्या मागे उभे. भिंतीवर गेलेले बाबा आणि त्यांच्या काचेत जिवंत बाबा. मी मागेपुढे करून किती वेळा पाहिलं. ते हसत नाहीयेत. टाय नीट करायची अॅक्टिंग व्हायच्या आधी बराच वेळ ते नुसते उभे आहेत, माझ्याकडे बघत.

हेडफोन काढून बाहेर आले. कॅन्टीनमध्ये कोणीतरी वाढदिवसाचा केक कापत होतं, मलाही तुकडा दिला. खाल्ला.

७ मार्च

उत्कर्षला सांगितलं, मी फिल्म करत नाही. मला वाटलं आता भांडेल, डेडलाइन, मार्क, फेस्टिवल. तो म्हणाला, "पुसून टाकू. नापास झालो तर झालो." मग म्हणाला, "काका त्या दिवशी माझ्यासाठी वेगळी उसळ आणायला गेले होते, कमी तिखट." आणि रडायलाच लागला गाढव. सोहम दोघांच्या मध्ये उभा, एकदा त्याच्या पाठीवर हात, एकदा माझ्या. डायरेक्टरचा रुबाब गेला की बरा आहे उत्कर्ष.

१४ मार्च, धुळवड

बाबांना गॅलरीत खुर्ची टाकून दिली. सोसायटीतली पोरं खालून "अंकल, हॅपी होली" ओरडत होती. मी कपाळाला बोटभर गुलाल लावला. हाडं लागतात आता कपाळाची.

"झाली का गं फिल्म?"

"मी नाही करत ती."

"का?"

"उगाच."

"उगाच काय? कर. लवकर कर."

लवकर! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, बाबा, तुम्हाला फिल्मची पडली आहे? आईकडे बघा, तिची काय अवस्था झालीय! ते खाली पोरांना हात करत राहिले. नंतर मला इतकं वाईट वाटलं. आजारी माणसावर ओरडले.

१५ मार्च

माफी मागितली. बाबा म्हणाले, "कशाबद्दल?" खरंच विसरले होते की दाखवलं नाही, कळलं नाही.

२२ मार्च

सोफा हलवून टाकलेल्या दिवाणावर बाबा झोपलेले असतात, बरोबर त्या भिंतीखाली. आईने खिळासुद्धा पकडीने उपटून काढलाय, भोक राहिलंय. मी हॉलमध्ये जाताना वर बघत नाही, खालीच बघते. आणि खाली बाबा डोळे मिटून. मग वाटतं श्वास चालू आहे ना. उभी राहून बघत बसते. काल त्यांनी डोळे न उघडताच म्हटलं, "आहे अजून, जा अभ्यास कर."

३० मार्च, पाडवा

आईने गुढी उभारली. कोणाचं मन नव्हतं, पण म्हणाली, चुकवायची नाही. शेजारच्या जागृतीबेन खालून बघत होत्या, त्यांना दरवर्षी कौतुक. बाबांना कडुनिंबाचं पान आणि गाठीचा तुकडा दिला. गाठी त्यांना गिळवेना, हळूच रुमालात ठेवली.

दुपारी आई माझ्या खोलीत आली. भांडायला नाही. पलंगाच्या कडेला बसून माझा हात धरला, किती दिवसांनी!

"मोहना, पुसून टाक ते सगळं. एकाही ठिकाणी ठेवू नकोस. मला माहीत आहे तुला पटत नाही. पण पुसून बघ. कदाचित उतार पडेल."

तिचे डोळे असे होते की मी नाही म्हणूच शकले नाही. म्हटलं, उद्या पुसते. ती रडत हसली. मग जाऊन बाबांना वरणभात भरवायला बसली.

३१ मार्च

सोहमकडून हार्ड डिस्क आणली. सगळं यातच आहे, दुसरीकडे कुठे ठेवलेलं नाही. सोहम म्हणाला, "तुझे पप्पा, तू ठरव." लॅपटॉपला लावली. बोट बटणावर ठेवलं. पुसलं म्हणजे उतार पडेल यावर माझा विश्वास नाही. पण पुसलं नाही आणि उतार पडला नाही, तर? जन्मभर आई ते बोलेल. मीही म्हणेन.

पुसणार होते. पण मग बाबांचा तो आवाज— "ती खरं हसली नाही अजून." उद्या हा आवाज कुठून आणू?

उद्या बाबांनाच विचारते. त्यांचा चेहरा आहे, त्यांनीच सांगावं.

२ एप्रिल, बुधवार

आई देवळात गेली तेव्हा बाबांना लॅपटॉपवर फिल्म दाखवली. जशी होती तशी, अर्धीकच्ची. हसायच्या सीनला त्यांनी थांबवायला लावलं. परत लाव म्हणाले. परत लावली.

मग म्हणाले, "मला शूटिंगच्या आधीच कळलं होतं गं. अहमदाबादला लग्न म्हणून गेलो होतो ना, ते दवाखान्यात. एकदा बघायचं होतं. मी नसताना तू जेवतेस का, हसतेस का."

मी लॅपटॉप बाजूला ठेवला. त्यांच्या पायावर डोकं ठेवून पडून राहिले.

"आईला सांगू नकोस. तिच्यापासून लपवून मी घरात थट्टा करत फिरलो, हे तिला नाही सहन होणार."

आई माझ्याशी कशी वागते हे त्यांना माहीतच नाही. मी सांगितलं नाही.

संध्याकाळी आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "तू तो हार घातला नसतास तर…"

रोज यावर मी भांडते. आज म्हटलं, "हो, आई. माझंच चुकलं."