कवळीखालचा दाणा

बाबा,

गेल्या आठवड्यात मी एका कोच बाईंना फी देऊन माझी चूक ऐकून घेतली. हसा, खुशाल हसा. तुम्ही असता तर म्हणाला असता, "कोच कबड्डीच्या पोट्ट्यायले लागते, मालकाले काऊन लागन?" मालकानं सांगायचं असतं, विचारायचं नसतं, हे तुमचं ब्रीद. त्याचीच फळं मी अजून भोगतोय.

मूल गावातल्या राइस मिलमधला तुमचा तोरा अजून डोळ्यांपुढे आहे. धानाचा ट्रॅक्टर फाटकात येतो, तुम्ही पोत्यात हात घालता, चार दाणे दाताखाली धरता. कट् आवाज आला की धान वाळलेला, नाही तर ओला. तुमच्या दाताचा निकाल कधी चुकला नाही, हे मी कुठंही सांगेन. मग दात पडले आणि कवळी आली. कवळीला काय कळतंय, कप्पाळ? पण तुम्ही चावतच राहिलात. तुम्ही ओला धान घेताय हे हमालांपासून दिवाणजीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. ओलावा मोजायचं यंत्र मी तुमच्यापुढे ठेवलं, तर तुम्ही ते बाजूला सारून म्हणालात, "माह्या दातापेक्षा तुही डबी शहाणी हाय काय रे?" त्यानंतर कोणी तोंड उघडलं नाही.

गोदामात पोती तापली, तांदूळ पिवळा पडला, व्यापाऱ्यांनी गाड्या परत पाठवल्या. आणि तुम्ही सगळ्या हमालांसमोर माझ्यावर ओरडताय, "ताडपत्री झाकाची अक्कल नाई, अन् म्हणे इंजिनीअर!" दिवाणजी खाली बघत उभा. मिलला कुलूप लागलं आणि तुम्ही गेलात ते माझ्या ताडपत्रीलाच शिव्या देत. मला तुमचा राग येतो बाबा, अजूनही येतो. एक माणूस, फक्त एक माणूस खरं सांगू शकेल एवढी जागा तुम्ही ठेवली असती, तर मिल बुडाली नसती.

ती मी पुन्हा उभी केली. सिंदेवाहीला दुसरी काढली. माणसं वाढली तशी माझ्याभोवतीही "हो भाऊ, हो भाऊ" सुरू झालं. तुमच्यासारखंच मलाही हे लोक हो-हो करत बुडवतील, ही एकच धास्ती. म्हणून नागपूरहून या कोच बाई येतात. मोठ्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या. माझ्याकडे त्यांना ना नोकरी टिकवायची, ना बढती घ्यायची, ना नात्यातलं लग्न जमवायचं. त्यामुळे त्या बोलू शकतात. बाकी आपल्या भागात मालकाला खरं सांगणारा दुसऱ्या दिवशी कामावर दिसत नाही.

गेल्या आठवड्यात बाई सकाळच्या मीटिंगमध्ये कोपऱ्यात गप्प बसल्या होत्या. सगळे गेल्यावर म्हणाल्या, "धान वर नेणारा पट्टा फाटत आलाय, मशीन थांबवा, असं तुमच्या ऑपरेटरनं तीनदा सांगितलं. तुम्ही तीनदा मान हलवून पुढच्या विषयाकडे गेलात. टाळलंत, की ऐकूच आलं नाही?"

"कधी सांगितलं त्यानं?" मी विचारलं.

"कान तपासून घ्या," त्या म्हणाल्या. ना आडपडदा, ना सांत्वन.

पट्टा बदलून घेतला. मग मुलीला केबिनमध्ये बोलावलं. तुमची नात आता मिलचं काम बघते. म्हटलं, "मले ऐकू कमी येते, हे तुले माहीत होतं?"

"सगळ्यायले माहीत हाय, बाबा."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"सांगितलं होतं मी. सगळ्यायच्या समोर तुम्ही मलेच म्हटलं, तोंडातल्या तोंडात बोलतेस, धड बोलता येत नाई." आणि ती उठून गेली.

डॉक्टर म्हणाले, मिलच्या आवाजानं कान गेलेत, बऱ्याच वर्षांपासून जाताहेत. बाबा, मी आयुष्यभर तुमच्यासारखं व्हायचं नाही म्हणून धडपडलो, आणि घ्या! हे पत्र कुठं टाकायचं? तुम्हाला मिळालं असतं तरी तुम्ही वाचलं नसतं, दुसऱ्याची चूक शोधली असती.

आज सकाळी चंद्रपूरहून कानाचं मशीन आणलं. केबिनमध्ये एकटाच बसून लावलं. बाहेरचं सगळं लख्ख ऐकू यायला लागलं. तेवढ्यात ऑपरेटर काही सांगायला दारात आला, तसं मी ते पटकन काढून खिशात टाकलं. तो काय बोलला ते मला कळलं नाही. मी मान हलवली.