तिसऱ्या उल्केचा लाल हातमोजा

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

फोन वाजला. वाटलं, पुन्हा ते छप्पर दुरुस्तीवाले. तर ‘उल्कापंचक’, आमची जुनी कार्टून मालिका, नव्याने काढतायत म्हणे! स्टुडिओची रंगप्रमुख कुवाबारा-सान बोलत होती. ‘आजी’ नाही म्हणाली, ‘नागाकुबो तोकी-सेनसेई’ म्हणाली. मी कसली डोंबलाची सेनसेई, गुरू-बिरू. बाविसाव्या वर्षी सेलच्या, म्हणजे चित्राच्या पारदर्शक प्लॅस्टिक कागदाच्या, पाठीवर रंग भरत होते, दिवसाला चाळीस. पडद्यावर आमची नावंही यायची नाहीत.

मंगळवारी येते म्हणाली. या आठवड्यात माझ्याशी बोललेली ती पहिलीच. दुकानातलं यंत्र सोडून — ते ‘पिशवी हवी का’ एवढंच विचारतं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

आली. चाळिशीची असेल, बुटकी, चुणचुणीत. चेस्टनटची मिठाई आणली. मी रंगांच्या बाटल्या, नंबर, सगळं आठवून ठेवलं होतं. तिने विचारलं भलतंच.

“तिसऱ्या उल्केचा लाल हातमोजा आठवतो?”

न आठवायला काय झालं. पाच उल्का म्हणजे पाच लढवय्यांचा चमू, त्यांत तिसरी मुलगी — आओई. हातमोजे पांढरेशुभ्र. एकोणिसाव्या भागात ती धावताना एकाच चित्रात उजवा हातमोजा लाल. डोळ्याचं पातं लवेपर्यंत गायब. आता लोक तेवढंच चित्र थांबवून बघतात म्हणे. कुणी म्हणतं, ती जखमी होती. कुणी म्हणतं, शत्रूच्या सेनापतीला खूण करत होती, प्रेमात होती. नव्या मालिकेत त्यावर अख्खा भाग लिहिलाय! मला हसू आवरेना.

“अहो, चूक होती ती,” म्हटलं.

“कुणाची?”

“इत्सुकोची. फुजिनो इत्सुको. माझ्या शेजारी बसायची.”

ती पुढे सरकून बसली. “मग शेवटच्या नामावलीत त्यांचं नाव घालू. एकटं. अख्ख्या पडद्यावर.”

मिठाई गोडमिट्ट होती. एकच खाल्ली.

२२ ऑक्टोबर, बुधवार

चोवीस वर्षं हजारो हातमोजे बरोबर रंगवले. त्यांचं कुणी नाव काढत नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

कुवाबारा-सानला इत्सुकोचा पत्ता हवाय. नववर्षाच्या कार्डांचा खोका काढला. इत्सुकोच्या गावाहून, अकिताहून, दरवर्षी एक. सगळ्यांवर हाताने काढलेलं चित्र आणि दोन ओळी. मी छापील पाठवायचे, खाली नाव टाकून मोकळी. तीन वर्षांपूर्वी तर सगळ्यांनाच कळवून टाकलं — ‘वय झाले, यापुढे नववर्षाची कार्डे थांबवत आहे.’ इत्सुकोलाही. सगळ्यांनी मुकाट्याने ऐकलं. यंदा एक जानेवारीला टपालपेटीत पिझ्झावाल्याच्या जाहिरातीचा कागद होता. आपल्याच हाताने दार लावायचं आणि कुणी येत नाही म्हणून कुढायचं!

तो दिवस आठवला. आमचा नियम साधा होता: सेलच्या गठ्ठ्याचं पाकीट, जी संपवेल तिने त्यावर आपला शिक्का मारायचा. मग आतल्या सगळ्याला तीच जबाबदार. भाग टीव्हीवर लागून गेला आणि बोंब झाली. इनागाकी-सान, आमच्या खात्याच्या मुख्य, पाकीट नाचवत आल्या. शिक्का फुजिनोचा. इत्सुको मान खाली घालून उभी राहिली, चकार शब्द नाही.

आणि मी, तिची जिवाभावाची मैत्रीण, सगळ्यांदेखत म्हणाले, “बाटलीचा नंबर बघत जा, इत्सु-चान. किती वेळा सांगायचं.” सगळ्या हसल्या. महिना संपायच्या आत ती गाव गाठून मोकळी झाली.

पत्ता दिला नाही अजून. सापडत नाही म्हणून सांगितलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

स्टुडिओत गेले. कुणा शौकिनाकडून तो सेलच मिळवलाय त्यांनी, तोच! मी समजत होते, सगळे कचऱ्यात गेले. कुवाबारा-सानने मला पांढरे सुती हातमोजे दिले. पूर्वी आम्ही घालायचो तसलेच, सेलवर बोटं उमटू नयेत म्हणून. मी सेल उलटा करून पाठ बघितली. जुनी खोड.

सगळ्याजणींचा ब्रश डावीकडून उजवीकडे जायचा. ब्रश उचलला की उजव्या टोकाला रंगाचा फुगवटा राहायचा. या लाल हातमोज्यावर फुगवटे डावीकडे आहेत.

अख्ख्या खात्यात डावखुरी एकच होती. मी.

“काय झालं?” कुवाबारा-सान म्हणाली.

“काही नाही. गुडघा दुखतोय.”

१२ नोव्हेंबर, बुधवार

तो गठ्ठा रंगवत होते त्या दुपारी शेजारणीचा फोन आला होता, आई जिन्यावरून पडली म्हणून. मी गठ्ठा इत्सुकोपुढे ढकलला — “शेवटचे पाच राहिलेत, कर ना एवढे” — आणि पळाले. ते पाच तिने रंगवले. पाकिटावर शिक्का मारला. माझे तपासले नाहीत, माझ्यावर विश्वास होता म्हणून.

म्हणजे तिला तेव्हाच कळलं असणार. धावणारी आओई तिच्या पाचांत नव्हतीच. बोंब झाली त्या आठवड्यात मी तीनदा उशिरा आले होते, आई इस्पितळात. आणखी एक ठपका आला असता तर मला घरी बसवलं असतं. ती गप्प राहिली. आणि वर माझा टोमणा ऐकून घेतला.

आज जेवले नाही. लाज वाटते, दुसरं काही नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

पत्र लिहिलं. चार कागद फाडले. शाळेत मारून मारून उजव्या हाताने लिहायला लावलं होतं. पाचवं डाव्याने लिहिलं. अक्षर कोंबडीचे पाय, पण खरं उतरलं.

कुवाबारा-सानलाही फोन करून सांगितलं. तिने सगळं लिहून घेतलं. मग म्हणते, “मग नाव तुमचं घालू?”

तीन आठवडे ज्या नावावर जळत होते, ते आता माझंच हवंय त्यांना. म्हटलं, आधी इत्सुकोला विचारते. नावांची यादी पाच जानेवारीला बंद होणार.

३० नोव्हेंबर, रविवार

उत्तर नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

पेटीत करड्या किनारीचं कार्ड. घरात मयत झालेले लोक डिसेंबरात पाठवतात तसलं. अकिताहून तर नाही? जिन्यातच बसले. पाच मिनिटांनी धीर करून बघितलं — न्हाव्याचे वडील गेले. हुश्श झालं मला. कुणी मेल्यावर हुश्श करायची वेळ आली.

२० डिसेंबर, शनिवार

संत्री आणली. पेटीच घ्यावी लागते. खालची मऊ पडतात तोवर वरची संपत नाहीत. द्यायची कुणाला?

पाच वाजता नगरपालिकेच्या भोंग्यावरचं गाणं वाजलं, मुलांनी घरी जावं म्हणून. मी घरातच होते.

३१ डिसेंबर, बुधवार

वर्षअखेरचे सोबा नूडल्स केले. पाकीट दोघांचं असतं. अर्धे तसेच राहिले.

तिने उत्तर का द्यावं? पन्नास वर्षं तिने हात पुढे केला आणि मी छापील कागद ठेवला त्यावर. नाव तिचंही नको, माझंही नको, असं पाच तारखेला कळवून टाकते.

१ जानेवारी, गुरुवार

पेटीत एक कार्ड. अकिताहून. हाताने काढलेला घोडा — यंदाचं वर्ष घोड्याचं. तीन खूर पांढरे, एक लाल.

‘रंगवलं तू, शिक्का माझा. नावं दोघींची येऊ देत. खाली फोन नंबर आहे. बाटलीचा नंबर बघत जा, तोकी-चान. किती वेळा सांगायचं.’