सात लिंबांची फळी

२ ऑक्टोबर, दसरा. सकाळी ९.१०
आजपासून वही. यंदाचा संकल्प एकच. बायको, सुनिता, ऊसतोडीला जाणार नाही. देवीसमोर शब्द दिलाय तिला. बारा वर्षं डोक्यावर मोळी घेऊन लाकडी फळीवरून ट्रकवर चढली, आता बास.

योजना पक्की आहे. कार्बन फायबरची फळी. एका हाताने उचलायची, ट्रकला लावायची. उत्तरेश्वर मुकादम म्हणाला, पाच नोव्हेंबरला गाड्या निघत्यात, त्याआधी एक करून दाखव, टोळीला वीस घेतो. न्हाई जमलं तर तुमी दोघं माझ्या गाडीत.

अनुभवाचा प्रश्नच नाही. चाकणच्या कंपनीत चार वर्षं ऑटोक्लेव्ह (दाबाखाली माल भाजायची भट्टी) विभागाच्या अगदी शेजारी काढली. मध्ये फक्त काच होती.

११.३०
यंत्रांची पूजा. माझा ऑटोक्लेव्ह म्हणजे बंद पडलेल्या डेअरीची लांब टाकी, दार बसवून घेतलेली. गाव तिला कुकर म्हणतं. म्हणू दे. फळीच्या सपाट स्टीलच्या साच्याला कडेला आठ एमएमचं भोक पाडलं (तीनचा बिट सापडला नाही) आणि तारेनं खाली लिंबू-मिरची लटकवली. नेकनूरमध्ये कार्बनचं काम करणारा मी एकटाच. नजर लागणारच.

६ ऑक्टोबर
पद्धत लिहून ठेवतो. साच्यावर कार्बन कापडाचे थर. वर प्लास्टिकची बॅग, चारी बाजूंनी कणकेसारखी मऊ चिकटपट्टी. पंपाने आतली हवा ओढायची आणि पंप बंद करायचा. गेजचा काटा पाच मिनिटं हलला नाही तर बॅग पास. मग टाकीत ढकलून दाबाखाली भाजायचं. बॅग गळली तर फळी फुसकी.

आज रिकामी ट्रायल. काटा दहा मिनिटं जागचा हलला नाही. सुनिताला मुद्दाम बोलावून दाखवला. ती म्हणाली, बंद पडलंय का.

९ ऑक्टोबर
पट्टी अजून बाहेर, अगदी कडेला लावली. जितकी लांब तितका माल सुरक्षित. लिंबाचं भोक आता बॅगेच्या आत आलं. बरंच झालं, नजर आतल्या मालालाच लागते.

काटा तीन मिनिटांत शून्यावर.

१० ऑक्टोबर
कारणं: पट्टी जुनी. हवा दमट. सुनिताच्या बांगड्या. सुनिता म्हणते, मी शेडात आलेच न्हाई. तरी बांगड्या लिहून ठेवतो.

१३ ऑक्टोबर
बजरंग आला. माझा वर्गमित्र, मांजरसुंब्याला पंक्चरचं दुकान. साबणाचं पाणी घेऊन आला होता. त्याला समजावलं, की ट्यूबमधून हवा बाहेर येते, इथं आत जाते, फेस येईल कुठून? त्यानं साबणाचं पाणी ओतून टाकलं. विज्ञानापुढे माघार घ्यावीच लागते.

जाताना म्हणाला, खालून बघितलं का बे?

खाली दहा एमएमचं स्टील आहे. स्टील गळत नाही. पंक्चरवाल्याची झेप ट्यूबपर्यंत.

१६ ऑक्टोबर. संध्याकाळी ६
चमत्कार. सुनिता झाडत होती. मी पंप लावला आणि ती ओरडली, आवं, लिंबू उडालं. तारेवरचं लिंबू आपोआप वर जाऊन साच्याला तळातून गच्च चिकटलं म्हणे. त्याच क्षणी काटा थांबला. पाच मिनिटं, दहा मिनिटं, ढिम्म.

अर्थ उघड आहे. लिंबू नजर ओढून घेतंय. फळी टाकीत ढकलली.

१७ ऑक्टोबर
फळी मऊ. अर्धी फसफसलेली. मधोमध लिंबाच्या दोन बिया. टाकीत खाली नुसती साल.

बजरंगनं साच्यावर सरबत पिलं असणार. तो आईची शपथ घेऊन न्हाई म्हणतो. माणूस असा एवढ्यातेवढ्यावर शपथा घ्यायला लागला की संशय वाढतो.

२० ऑक्टोबर, दिवाळी
चूक सापडली. एवढ्या मोठ्या कामाला एक लिंबू पुरत नाही. साच्याला अजून सहा भोकं पाडली. एकूण सात लिंबं. आता कुणाची टाप नाही.

२३ ऑक्टोबर
चार लिंबं चिकटली, तीन लोंबकळत राहिली. काटा शून्यावर. तिन्ही लहान होती.

२६ ऑक्टोबर, रविवार
नेकनूरच्या बाजारात व्हर्नियर घेऊन गेलो. बेचाळीस एमएमच्या खालचं लिंबू घेतलं नाही. लिंबंवाल्या भिवराबाई टोपली आवरत म्हणाल्या, लिंबू घ्यायचंय का सून बघायची हाय? अचूकतेची लोकांना सवय नाही.

२८ ऑक्टोबर
सातही चिकटली. टाकीत सातही फुटली. फळीला लोणच्याचा वास. कापड एकाच फळीपुरतं उरलंय, ढाब्यावर आइस्क्रीमच्या फ्रीजमध्ये (बाहेर ठेवलं की बिघडतं).

सुनितानं गाठोडं बांधायला घेतलं. मी म्हणालो, सोड ते. तिनं सोडलं नाही, हळू बांधायला लागली.

१ नोव्हेंबर
ढाब्यावरून कापड घेऊन आलो, तर बाजारातून जादा आणलेली सातही लिंबं गायब. सुनितानं लोणचं घातलं. वाया चालली व्हती, म्हणाली. वर उरलेल्या चिकटपट्टीचे गोळे करून साच्याची सगळी भोकं खालून बुजवली. का, तर उघडी बरी दिसंनात. बायकांना सजावटीचं वेड.

भांडलो. पण उद्याच्या बाजारापर्यंत बाहेर काढलेलं कापड टिकणार नाही. लिंबाविनाच बॅग लावली. आपली जबाबदारी नाही.

काटा चाळीस मिनिटं हलला नाही.

२ नोव्हेंबर. पहाटे ५.४०
फळी झाली. काळीभोर, टणक, आरशासारखी. एका हाताने उचलली. डोळ्यांत पाणी आलं, लिहायला लाज कसली. सुनिता फळीवरून हात फिरवत राहिली. मग आत जाऊन गाठोडं सोडलं.

निष्कर्ष: सगळी नजर लिंबांबरोबर लोणच्यात गेली. माझा सिद्धांत शंभर टक्के खरा.

४ नोव्हेंबर
गाव फळी बघायला लोटलंय. एवढ्या नजरा. उद्या उत्तरेश्वर येणार, आता हलगर्जी परवडणार नाही. ड्रिल काढलं. फळीच्या मधोमध, एका सरळ ओळीत, आडवी सात भोकं. सात लिंबं, सात मिरच्या. सुनिता माहेरी गेलीय खुशखबर सांगायला, नाहीतर पुन्हा लोणचं घातलं असतं.

फळी नटलेली छान दिसते.

५ नोव्हेंबर
उत्तरेश्वर चढला. स्वतः, मोळी घेऊन.

चौथ्या पावलाला.

टपालाचं तिकीट जसं भोकांवर फाटतं, तशी.

त्याला लागलं नाही. लिंबांनीच झेललं त्याला. बजरंग म्हणाला, नजर न्हाई बे, भोकं. मी म्हणालो, नजर लई जबर होती. माहेराहून परतलेल्या सुनितानं गाठोडं पुन्हा बांधलं. गाडी साडेचारला निघाली, आम्ही दोघं मागे हौद्यात.

२१ नोव्हेंबर. उसाच्या फडावर
बरेच दिवस वही उघडली नाही. हात फोडांनी भरलेत, पेन धरवत नाही.

अर्धी फळी सुनितानं बरोबर आणलीय. तिच्यावर भाकरी थापते. हलकी हाय, म्हणाली. पंधरा दिवसांत फळीबद्दल काढलेला तिचा पहिला शब्द.

काल रात्री जेवताना ते लोणचं वाढलं. मी म्हणालो, ह्यात नजर आहे. ती म्हणाली, ह्यात मीठ हाय. मग भाकरी मोडत सांगितलं, ती भोकं म्या बुजवली, तवा काटा थांबला. सांगणार व्हते, पर तुमी वहीत लिवत व्हता.

 

आज दुपारी ती मोळी घेऊन ट्रकवर चढली. लाकडाची जुनी फळी तिच्याखाली मधोमध वाकली. मी वाकलो आणि फळी खालून बघितली. पहिल्यांदाच.